गरुडांचा वाटा

तिला सगळे भिंगरी म्हणायचे. लहानपणी घडीभर एका जागी न टिकणाऱ्या पोरीला कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं की पंचेचाळिशी उलटली, कानावरचे केस पांढरे झाले तरी सुटलं नाही. जेवायला बसली तरी तिचा एक पाय खुर्चीबाहेर. कुणाशी बोलत असली तरी मध्येच उठून खिडकीचा पडदा सरळ करणार, नाहीतर उगाच नळ घट्ट बंद करून येणार. नवरा बेकरी चालवायचा. पीठ फुगायची वाट बघण्यात ज्याचा निम्मा जन्म गेला असा तो थंड डोक्याचा माणूस. तो म्हणायचा, "माझ्या जागी तू असतीस, तर अख्ख्या गावानं कच्चा पाव खाल्ला असता."

नशिबानं तिला काम तिच्या पायांना साजेसं मिळालं. रस्ते खात्यात ती बर्फ काढायचा ट्रक चालवायची. पुढे लोखंडी फाळ, मागे मीठ आणि बारीक खडी फेकणारी पेटी. धरणापाशी सुरुवात करायची, वळणावळणाचा घाट चढत खिंडीपर्यंत जायचं, आणि खाली परतेपर्यंत मागचा रस्ता पुन्हा पांढराशुभ्र झालेला असायचा. दुसरं कुणी असतं तर कपाळाला हात लावला असता. भिंगरीला तेच बरं वाटायचं. संपलेल्या कामाची तिला भीती होती. काम संपलं की बसावं लागतं.

गाड्यांखाली आलेली जनावरं रस्त्यावरून उचलणं हेही तिच्याकडेच होतं. हिवाळ्यात हरणं मीठ चाटायला रस्त्यावर उतरत आणि ट्रकच्या दिव्यांपुढे खुंटीसारखी उभी राहत. सकाळी भिंगरी मेलेलं हरीण साखळीनं मागच्या पेटीत ओढून घ्यायची आणि खात्यानं खणलेल्या खड्ड्यात नेऊन पुरायची. याच कामात तिची गरुडांशी ओळख झाली.

दरवर्षी थंडी वाढली, वरच्या मुलखातली तळी गोठली की गरुड या डोंगरांत उतरायचे. धरणाच्या पायथ्याशी वीज करणाऱ्या यंत्रातून सुटलेलं पाणी कधीच गोठत नसे. तिथल्या बोडक्या झाडांवर ते ओळीनं बसत, खांदे पाडून, थंडीत बसची वाट बघणाऱ्या माणसांसारखे. यंत्रातून भोवंडून आलेला एखादा मासा पांढरं पोट वर करून तरंगला की एकजण अलगद उतरून तो उचलायचा, आणि मग बाकीचे मेहनत वाचवायला त्याच्याच मागे लागायचे. बदकांच्या थव्यावरून ते नुसतेच एक फेरी मारत. सगळी बदकं उडायची आणि जे दुबळं मागे राही, ते त्यांना सापडायचं. आणखी वर, जिथं पाणी नाही, तिथं डोमकावळ्यांवर भिस्त. कावळे सगळा डोंगर पालथा घालत आणि गरुड कावळ्यांवर नजर ठेवून बसत. एका कड्यावरचा गरुड खाली झेपावला की पलीकडच्या कड्यावरच्याला ते दिसायचं, त्याच्यावरून तिसऱ्याला. रिकाम्या आभाळातून अर्ध्या तासात सात-आठजण जमायचे. थंडी ओसरत आली की ते कुरणांच्या कुंपणांवर येऊन बसत. गाई व्यायल्या की पडलेली वार त्यांना हवी असे. वासरांना ते हात लावत नसत, तरी गुराखी शिव्या देतच.

यातलं निम्मं तिला दादानं शिकवलं होतं.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. सुतार होता. दारं-खिडक्या करायचा. आई-वडील पाठोपाठ गेले तेव्हा ती शाळेत होती आणि दादाला नुकतं मिसरूड फुटलं होतं. त्यानं तिला हाताला धरून वाढवलं. हिवाळ्यात घरात जे मटण शिजायचं ते दादाच्या बंदुकीच्या जिवावर. हंगामात परवाना काढून तो हरीण मारायचा, आणि शिजलं की पहिला तुकडा भिंगरीच्या ताटात. स्वतःचं लग्न झालं, पुढे तिचं झालं, तरी तिच्या घरी मटणाचा डबा यायचा थांबला नाही.

त्याची एक पद्धत होती. हरीण पडलं की तो कोथळा तिथंच काढायचा, पण झुडपात फेकून द्यायचा नाही. उघड्या खडकावर, वरून दिसेल असा मांडून ठेवायचा. "हा त्यांचा वाटा," म्हणायचा. मग थंडीभर कामाच्या खोलीतल्या खिडकीतून दुर्बीण लावून कड्याकडे बघत बसायचा. बर्फ उकरून कावळे आले, मग गरुड आले, की आतून हाक यायची, "आलं गं मंडळ जेवायला!" वहिनी हात पुसत खिडकीशी जायची आणि काहीच न दिसता "हो, हो" म्हणायची.

त्या वर्षी बर्फ लवकर आणि फार पडला. एका सकाळी घाटाच्या मधल्या वळणावर भिंगरीला रस्त्याकडेला मेलेलं हरीण दिसलं. भोवती कावळे, आणि एक मोठा गरुड. तिनं वेग कमी केला. कावळे उडाले. गरुड उडाला नाही. तिनं भोंगा दिला. त्यानं पंख उघडले, पण ते ओल्या कोटासारखे दोन्हीकडे लोंबले. तो एका कुशीवर कलला आणि शेपटीच्या आधारानं बसून राहिला. चोच उघडी. धाप लागलेली.

ती ट्रकातून उतरली. जवळ गेली तरी तो फक्त बघत राहिला. गरुडाचे डोळे असे असतात की समोरच्यालाच आपली चूक झाल्यासारखं वाटतं. तिनं अंगातला कोट काढून त्याच्यावर टाकला आणि पंखांसकट कवेत घेऊन उचललं. एवढा मोठा पक्षी, जड असेल म्हणून तिनं पाय रोवले होते, आणि वजन काहीच नव्हतं. कोटातूनही छातीचं हाड हाताला लागत होतं.

वायरलेसवर मुकादमाचा आवाज आला. "बाई, थांबलात का? वर खिंडीत गाड्या अडकल्यात."

"सवारी आहे."

"ट्रकात सवारी घ्यायला बंदी आहे!"

"मग तुम्ही येऊन उतरवा," ती म्हणाली आणि गिअर टाकला.

गुरांची डॉक्टरीण गावाच्या टोकाला राहायची. गाई-घोड्यांत वाढलेली, मनगटं पुरुषासारखी, बोलणं मोजकं. तिनं गरुडाचे पाय पाहिले. नख्या आत मिटल्या होत्या, उघडेनात. शेपटीखाली हिरवट डाग होता. गाडीचा धक्का कुठंच दिसेना. तिनं घोड्यांच्या पायांसाठी ठेवलेल्या यंत्रावर एक्स-रे काढला आणि पडद्यावर बोट ठेवलं. पोटात पांढरे ठिपके होते. तांदळाच्या कणीएवढे, काही त्याहून बारीक.

"शिसं," डॉक्टरीण म्हणाली.

"कुणी गोळी घातली याला?"

"घातली नाही. खाल्ली यानं." ती हात धुवायला वळली. "बंदुकीची गोळी हरणाच्या अंगात फुटते, ताई. आपल्याला वाटतं एक भोक पडलं. पण तिचे शंभर कण होऊन आतड्यात, मांसात पसरतात. शिकारी कोथळा डोंगरावर टाकून येतो आणि हे खातात. एवढीशी कणी यांना पुरते."

भिंगरी खुर्चीवर बसली. उठली. पुन्हा बसली. "उघड्या खडकावर ठेवला तर?"

"तर लवकर सापडतो," डॉक्टरीण म्हणाली. "मी इंजेक्शनं सुरू करते. वाचेलच असं नाही."

त्या दिवशी तिनं खिंड साफ केली, पण खाली आल्यावर मुकादमानं विचारलं, "जुन्या पुलाचा तुकडा का सोडलात?" तिच्या गावीही नव्हतं. घरी येऊन तिनं भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली, मग बेकरीत जाऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. तो पीठ मळत होता. हात न थांबवता म्हणाला, "दादाला सांगायला हवं."

"त्याला किती लागेल, माहितेय का तुम्हाला?"

"माहितेय. म्हणूनच तू सांग. दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा बरं."

सुट्टीच्या दिवशी ती दादाकडे गेली. तो एका दाराची चौकट बसवत होता. भिंगरीनं उभ्या उभ्याच सांगितलं, इकडून तिकडे फिरत, पटाशी उचल, ठेव, असं करत. दादानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"या डोंगरात मी एकटाच बंदूकवाला आहे का?" तो म्हणाला.

"मी तसं कुठं म्हटलं?"

"मग काय म्हणालीस? मी त्यांना पोसतो, भिंगरे. तीस हिवाळे पोसतोय. माझ्या हातचं खाऊन ते मरतात?"

"दादा, तुला माहीत नव्हतं. मला तरी कुठं..."

"डॉक्टरणीला सांग, गाईंच्या खुरांचं बघ म्हणावं." त्यानं रंधा उचलला. "आणि ती पटाशी जागेवर ठेव."

वहिनी चहा घेऊन दारात उभी होती. तिनं कप तसेच परत नेले. फाटकापर्यंत पोचवायला आली तेव्हा हळूच म्हणाली, "त्यांचं मन त्यांना खाणार आता. तुम्ही गप्प राहा थोडे दिवस."

गप्प राहणं भिंगरीला कसं जमणार? तिनं डॉक्टरणीकडे रोज फेरी सुरू केली. गरुड गोठ्याशेजारच्या अंधाऱ्या खोलीत होता. डॉक्टरीण तिला दाराच्या फटीतून बघू द्यायची आणि लगेच हटकायची, "बास. तुमच्या येरझाऱ्यांनी त्याचा जीव घाबरा होतो." मग ती ट्रक घेऊन निघायची, आणि डोळे रस्त्यावर कमी, झाडांवर जास्त. फांदीवर बसलेल्या प्रत्येक गरुडाकडे ती पंख लोंबताहेत का हे बघायची. वारा असला की सगळ्यांचेच पंख लोंबल्यासारखे दिसायचे. दादाकडून डबा आला नाही. तो आला नाही याचं तिला वाईट वाटलं, आणि आला असता तर आपण तो खाल्ला असता का, या विचारानं त्याहून जास्त.

शेवटी एका सकाळी पाळी बदलून घेऊन, बर्फात न रुतणारे जाळीचे रुंद बूट बांधून ती दादाच्या कड्यावर चढली. वाट तिला पाठ होती; लहानपणी त्याच्या मागून ती कितीदा पळत गेली होती. वर कावळ्यांनी बर्फ उकरला होता. गोठलेल्या कोथळ्याचा तुकडा काळ्या दोरासारखा बाहेर आला होता. आणि खडकापासून हाकेच्या अंतरावर, एका झुडपाखाली, जिथं वारा लागत नाही तिथं, एक गरुड पडला होता. पंख अर्धवट उघडे, मान आत घेतलेली, नख्या मुठीसारख्या मिटलेल्या. कडक झालेला.

तिनं त्याला पाठीवर बांधून खाली आणला. रस्त्यात कुणी विचारलं नाही, किंवा विचारलं असेल तर तिनं ऐकलं नाही. दादाच्या कामाच्या खोलीत जाऊन तिनं तो कामाच्या लांब फळीवर, भुशात आणि सालपांत ठेवला.

दादानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग गरुडाकडे. मग त्यानं एक पंख हातात धरला आणि हळूहळू उलगडला. शेजारी नव्या दाराची फळी उभी होती. पंख तिच्या रुंदीला पुरून उरला. त्यानं तो पुन्हा मिटला. मिटलेल्या नख्यांवरून अंगठा फिरवला, उघडतात का बघितलं.

"कुठं?" त्यानं विचारलं.

"तुझ्या खडकाजवळ."

वहिनी आत आली, तोंडावर हात ठेवून मागच्या मागे गेली. दादानं भिंतीवरचं फावडं काढलं, पोतं घेतलं आणि कोट न घालताच बाहेर पडला. कोट भिंगरीनं उचलला आणि त्याच्या मागे धावली.

त्या हंगामात त्यानं तीन ठिकाणी कोथळे ठेवले होते. घरासाठी मारलेल्याचा, वहिनीच्या माहेरी पाठवलेल्याचा, आणि एक शेजाऱ्यासाठी. तिन्ही जागा त्याला झोपेतही सापडल्या असत्या. बर्फ दगडासारखा झाला होता. दोघं आळीपाळीनं फावडं मारत होते, गोठलेले तुकडे पोत्यात भरत होते. जे आधीच खाल्लं गेलं होतं ते मात्र पोत्यात येणार नव्हतं. तिसऱ्या ठिकाणी दादा अचानक थांबला.

"तूही तेच खाल्लंस," तो म्हणाला.

"काय?"

"याच बंदुकीचं. एवढीशी होतीस. चांगला तुकडा म्हणून गोळीजवळचा, मऊ, तो तुला द्यायचो." त्यानं फावडं बर्फात रोवलं. "तू ही अशी... एका जागी न बसणारी... हे त्यानं तर नाही ना झालं?"

भिंगरीला हसू आलं. "वेडा आहेस का? मी पाळण्यात असताना पाळण्याची खुंटी उपटली होती, तूच सगळ्यांना सांगतोस. तेव्हा दात तरी होते का मला मटण खायला?"

तो हसला नाही. तीही नंतर डॉक्टरणीला विचारून आली, सहज विचारल्यासारखं. डॉक्टरीण म्हणाली, "इतक्या वर्षांनी कोण सांगणार? माणसांच्या डॉक्टरला रक्त दाखवा, आणि पुढे खाऊ नका." रक्तात काही विशेष निघालं नाही. पण झोप लागेना की ती तांदळाची कणी डोळ्यांपुढे यायचीच.

त्या दिवशी पुरून टाकायची पोती भरून झाली तेव्हा तिनं वर पाहिलं. समोरच्या वठलेल्या झाडांवर पाच गरुड बसले होते आणि त्यांच्याकडे बघत होते. एवढा वेळ ते तिथंच असणार. आपल्या तोंडचा घास कुणी पोत्यात भरून नेतंय, आणि ते बघत बसले होते.

"हे आता काय खाणार?" ती म्हणाली.

तिच्याकडे ट्रक होता, आणि रस्त्यावर मेलेली हरणं होती, ज्यांना गोळी नव्हे तर गाडी लागली होती. मुकादमाकडे गेली तेव्हा तो आधी नियम सांगू लागला. मेलेलं जनावर खड्ड्यातच गेलं पाहिजे. भिंगरीनं त्याच्या टेबलाभोवती तीन फेऱ्या मारल्या. चौथ्या फेरीला तो म्हणाला, "बाई, बसा तरी, नाहीतर जा. जुन्या खाणीच्या माळावर एखादं हरीण ट्रकातून घसरून पडलं, तर मी काय मागे धावत येणार आहे? फक्त रस्त्यापासून लांब पडू द्या. रस्त्यावर खायला आले तर गाडीखाली जातील."

पहिलं हरीण दोघा भावंडांनी साखळीनं ओढत माळावर नेलं आणि पोट फाडून ठेवलं, कारण गोठलेलं कातडं कावळ्यांना फुटत नाही. मग खडकामागे दबा धरून बसले. काहीच आलं नाही. भिंगरी दर मिनिटाला मान वर करायची.

"खाली बस," दादा कुजबुजला. "तुला बघून दहा मैलांत कुणी उतरायचं नाही."

"कावळेही नाहीत. वासच येत नसेल."

"त्यांना वासानं नाही कळत. डोळ्यांनी कळतं. बस."

त्यानं तिचं मनगट धरून ठेवलं, लहानपणी गर्दीत धरायचा तसं. पाय सुन्न झाले. आधी एक कावळा लांबून गेला, वळला, पुन्हा गेला. मग तीन आले आणि ओरडू लागले. मग दूरच्या कड्यावरून एक ठिपका सुटला, मोठा होत होत आला, आणि त्याच्या मागून दुसरा. उतरल्यावर पहिल्यानं दुसऱ्याला हुसकलं, दुसऱ्यानं कावळ्यांना, आणि मग सगळेच खायला लागले. दादानं मनगट सोडलं. त्याच्या गालावर पाणी होतं, थंडीचं असेल.

डॉक्टरणीकडचा गरुड वाचला. महिन्याभरानं त्याची पकड आली, आधी डावी, मग उजवी. बर्फ विरघळायला लागल्यावर एका दुपारी त्यांनी त्याला धरणाखालच्या काठावर पेटीतून सोडलं. तो बाहेर आला आणि जमिनीवर बसून राहिला. भिंगरीनं ओठ चावले. डॉक्टरणीनं हातानंच "गप्प" अशी खूण केली. बऱ्याच वेळानं त्यानं पंख उघडले, पाण्यावरून अगदी खालून, जवळजवळ बुडतोय असा उडाला, आणि पलीकडच्या झाडावर, इतर गरुडांत जाऊन बसला.

दादा शिकार अजून करतो. आता तांब्याच्या गोळ्या वापरतो आणि त्यांना शिव्या देतो. नेम वेगळा लागतो म्हणे. बाकीच्या बंदूकवाल्यांना सांगत फिरतो. काही ऐकतात, काही "सुतारा, तुझी दारं बघ" म्हणतात. तो चिडतो, पुन्हा जातो.

पण गरुड सोडला त्या दुपारी तो आणि भिंगरी काठावर उभे होते. "आपला तो, तिसरा," दादा म्हणाला.

"नाही, त्याची शेपूट झिजलेली होती. तो टोकाचा."

"टोकाचा तर पिल्लू आहे. डोळे आहेत का कपाळात?"

दोघं दुर्बीण एकमेकांच्या हातातून ओढत होते. पाण्यावर कुठंतरी मासा वर आला असावा. झाडावरचे सगळे गरुड एकदम उठले, एकमेकांत मिसळले आणि धरणाच्या भिंतीपलीकडे गेले.